खाली फक्त कार्य असतं

दारावर थाप पडली तेव्हा माझा नुकताच डोळा लागला होता. दार उघडलं. समोर फेटा बांधलेले एक अनोळखी गृहस्थ, हातात ताट आणि ताटात रंगवलेल्या अक्षता.

"घ्या साहेब," ते म्हणाले. "मुहूर्त जवळ आलाय. खाली चला."

"मी पाहुणा नाही हो. मी पायलट आहे. मला झोपायचंय."

"झोपा की. अक्षता टाकून झोपा. कोण नको म्हणतंय?"

माझ्या मुठीत अक्षता कोंबून ते शेजारच्या खोलीकडे वळले. तिथे माझी फर्स्ट ऑफिसर झोपली होती. निदान तसा प्रयत्न करत होती. खाली सनई सुरू होती, आणि ती सनई आमच्या खिडकीखालच्या स्पीकरमधून येत असल्यामुळे पलंगावर ठेवलेला माझा चष्मा हळूहळू कडेकडे सरकत होता. मी तो उचलला आणि आता काय करावं याचा विचार करत पलंगावर बसून राहिलो.

हे सगळं सोलापुरातलं. मी जन्मानं सोलापूरचाच. विमान उडवण्यात आयुष्य गेलं आणि नोकरीच्या शेवटच्या काळात आमच्या छोट्या कंपनीनं मुंबई-सोलापूर फेरी सुरू केली तेव्हा ती मी हौसेनं मागून घेतली. गावाला विमानातून यायला मिळतंय, आणखी काय पाहिजे, असं वाटलं होतं. हौस फार दिवस टिकली नाही.

आता आमचा दिवस कसा असायचा ते सांगतो. अंधारातच मुंबईतलं घर सोडायचं. सकाळी सोलापूर. मग दिवसभर सोलापुरातच थांबायचं आणि संध्याकाळी विमान परत न्यायचं. याला स्प्लिट ड्यूटी म्हणतात, म्हणजे मधे फट असलेली ड्यूटी. एवढा लांब दिवस एरवी नियमात बसत नाही. पण मधल्या वेळेत पायलटला झोपायला शांत, नीट जागा दिली, तर कंपनीला तो दिवस लांबवता येतो. मग दुसरी जोडी पाठवावी लागत नाही. म्हणजे सगळा मामला त्या दुपारच्या झोपेवर उभा.

आणि पगार? माझा मावसभाऊ प्रकाश, नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान आहे, त्याची समजूत अशी की मला पगाराशिवाय विमानाच्या टाकीतलं उरलेलं तेलही मिळतं. तसं काही नसतं. पगाराचा एक भाग ठरलेला आणि दुसरा उडण्याच्या तासांवर. विमान जागेवरून हललं की तास सुरू, परत जागेवर उभं राहिलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. रिक्षाचं मीटर समजा. फरक एवढाच की रिक्षावाला वेटिंग लावतो. आम्हाला वेटिंग नव्हतं. सोलापुरातला अख्खा दिवस कंपनीच्या हिशेबात आम्ही आराम करत होतो.

मी आमच्या पायलट असोसिएशनचा प्रतिनिधी होतो. दोन मागण्या मी पहिल्यापासून लावून धरल्या होत्या. थांबलेल्या वेळेचं काहीतरी मोजा, आणि झोपायला जागा बदला. मेलवर मेल केले. उत्तर यायचं, "नोटेड." ऑफिसच्या भाषेत याचा अर्थ, वाचलं आणि विसरलो.

लॉज कसं होतं? तसं छान होतं, खोटं का बोला. स्वच्छ चादरी, गरम पाणी. मालक सिद्रामअण्णा बिराजदार, मूळचे अक्कलकोटकडचे. मनानं इतके मोठे की त्यांच्यावर रागवायची सोय नाही. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मुंबईचा फोन आला की हिंदी. वर लॉज, खाली मंगल कार्यालय. आणि सोलापुरात लग्न दुपारचं असतं. म्हणजे बरोबर आमच्या झोपेच्या वेळेला अक्षता, मग जेवणं, मग सत्कार. पाहुण्यांचा सत्कार माइकवर नाव घेऊन होतो. ज्याचं नाव राहिलं तो पुढची पाच वर्षं त्या घराशी बोलत नाही, म्हणून नाव कुणाचंच राहत नाही.

आमची फर्स्ट ऑफिसर मृदुला परब. डोंबिवलीची. फर्स्ट ऑफिसर म्हणजे उजव्या सीटवरची पायलट. लोकांना वाटतं ती मदतनीस असते. तसं नाही, विमान तीही उडवते, उतरवते. फक्त शेवटचा शब्द डाव्या सीटवरच्या कॅप्टनचा. उजवीकडून डावीकडे जाण्याला अपग्रेड म्हणतात, आणि पायलटच्या आयुष्यात त्याहून मोठं काही नसतं. मृदुलाच्या सगळ्या परीक्षा झाल्या होत्या. चाचण्या झाल्या होत्या. वरून फक्त एक सही यायची होती. मी इतक्या पोरांबरोबर उडालोय, पण इतका शांत हात क्वचित पाहिला. तिनं कॅप्टन व्हावं असं मला फार वाटत होतं.

तर त्या अक्षतांच्या दिवशी काय झालं, की मृदुला उठली, हाताला लागला तो युनिफॉर्मचा शर्ट अंगावर चढवला आणि स्पीकर जरा बारीक करता का, असं विचारायला खाली गेली. जिन्यातच तिला नवरीच्या आत्यानं गाठलं. पुढचं मला वरून फक्त ऐकू येत होतं.

"या मंगलप्रसंगी," माइकवरचे गृहस्थ गरजले, "वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी मुंबईहून खास विमानानं आलेल्या पायलट मॅडम इथे उपस्थित आहेत. त्यांचा सत्कार वधूच्या आत्याबाईंच्या हस्ते होत आहे."

टाळ्या. मग फोटो. मग जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं. मग मुलींची रांग, प्रत्येकीला सेल्फी पाहिजे. स्पीकर बारीक करायला सांगायला गेलेली पोरगी दुपार कलल्यावर वर आली, डोक्याला फेटा, खांद्यावर सोलापुरी चादर, हातात नारळ.

"सर," ती म्हणाली, "त्यांनी मला नवरीच्या मागे उभं केलं. करवली म्हणून. मी नाही म्हणाले तर त्या रडायलाच लागल्या."

मी हसलो. नंतर हसायचं कारण उरलं नाही.

ड्यूटीवर निघताना आम्ही पायलट एकमेकांना एक प्रश्न विचारतो. "फिट?" हे काय, बरं चाललंय ना, असं विचारण्यासारखं नाही. समोरच्यानं "नाही" म्हटलं, तर विमान उडत नाही. दमलेला पायलट दारू प्यायलेल्या माणसासारखाच असतो, फक्त वास येत नाही. म्हणून नियम सांगतो, दमला असाल तर सांगा, तुम्हाला शिक्षा होणार नाही. नियम चांगलाच आहे.

एअरपोर्टवर मी सवयीनं विचारलं, "फिट?"

मृदुलानं हातातला कागद खाली ठेवला. "नाही सर. मी मघापासून चेकलिस्टची एकच ओळ वाचतेय. डोक्यात शिरत नाहीये."

"मग नाही," मी म्हणालो. "आणि खरं सांगायचं तर मीही नाही. माझंही नाव लिही."

सोलापुरात राखीव पायलट नसतात. विमान रद्द झालं. प्रवासी काउंटरवर जमले. एक आजोबा मला शोधतच आले.

"पायलटला झोप आली म्हणून विमान रद्द? आमच्या टेंभुर्णीच्या यष्टीचा डायवर असं कधी म्हणत न्हाय."

"म्हणायला पाहिजे त्यांनी, आजोबा," मृदुला म्हणाली.

आजोबांनी जरा विचार केला. "ते बी खरंच हाय," म्हणाले आणि रिक्षा बघायला गेले. बाकीचे इतके समजूतदार नव्हते.

दोन दिवसांत मृदुलाला खुलासा मागणारं पत्र आलं. अपग्रेड होल्डवर. मला काहीच आलं नाही, कारण माझी रिटायरमेंट तोंडावर आली होती आणि जाणाऱ्या बैलाला कोण चाबूक मारतो. माझा संताप संताप झाला. खरं बोलली म्हणून पोरीला अडवतात आणि तोंडानं म्हणतात शिक्षा नाही. मी मीटिंग मागितली.

मीटिंग व्हिडिओवर झाली. एका चौकोनात आमचे व्हीपी ऑपरेशन्स दातारसाहेब, म्हणजे सगळ्या पायलटांचे वरिष्ठ. स्वतः जुने पायलट, पण आता जास्त वेळ खुर्चीतच. दुसऱ्या चौकोनात ॲडमिनचे चोप्रा. हॉटेलं ठरवायचं काम त्यांचं. दिल्लीचा माणूस, सोलापूर त्यांनी नकाशावर पाहिलेलं.

"साहेब, त्या लॉजवर झोप मिळत नाही," मी सुरुवात केली. "खाली रोज लग्नं लागतात."

"नहीं सर," चोप्रा म्हणाले. "मैंने खुद ओनर से बात की है. नीचे तो उनका ऑफिस है. दिन में बस ऑफिस का काम चलता है."

"ऑफिस?"

"जी. पूछ लीजिए ओनर से."

मला वाटलं हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. मी आवाज चढवला. सनई सांगितली, सत्कार सांगितला, करवली सांगितली. दातारसाहेब शांतपणे ऐकत होते, आणि ते ज्या प्रकारे ऐकत होते त्यावरूनच कळलं की त्यांना हे मीठमसाला लावलेलं वाटतंय.

"माने, एखादं लग्न झालं असेल," ते म्हणाले. "त्यावरून रोजचं काय सांगता? असोसिएशनची भाषा जरा चढीच असते. मी पण होतो तिथे."

"मग या की एकदा. झोपून बघा."

मी आपलं रागात बोलून गेलो. पण दातारसाहेबांना ते लागलं.

"येतो," ते म्हणाले. "माझं लायसन्स चालू ठेवायला मला अधूनमधून उडावं लागतंच. पुढच्या आठवड्यात सोलापूरची फेरी मीच घेतो. परबबरोबर. त्याच लॉजवर झोपतो आणि संध्याकाळी विमान परत आणतो. मला झोप लागली, तर परबची ती सबब होती असं मी लिहीन. मग अपग्रेडचं तुम्हीच समजून घ्या."

आता सगळं एका दुपारवर आलं. मी लगेच अण्णांना फोन लावला.

"अण्णा, पुढच्या गुरुवारी खाली लग्न आहे ना?"

"न्हाय की साहेब. सध्या मुहूर्तच न्हाईत. पुढच्या महिन्यापर्यंत हॉल रिकामा."

मी कपाळाला हात लावला. इतके दिवस रोज वाजत होतं, आणि नेमकं आता बंद. प्रकाशला सांगितलं. तो व्यापारी माणूस, त्याला अडचण कळते.

"त्यात काय," तो म्हणाला. "बँडवाला आपल्या वळखीचा हाय. सांगतो, नुसतं येऊन वाजवून जा म्हणून. लग्न नसलं तरी वाजवायला कुणाची बंदी हाय का?"

मला मोह झाला, नाही कशाला म्हणू. मृदुलाला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाली.

"सर, मी खरं बोलले म्हणून अडकले. आता खोटं करून सुटायचं का? मग मी त्या दिवशी उडालेच असते की."

बँड रद्द केला. मनातून मात्र खचलो. आता दातारसाहेब गाढ झोपणार, उठून आळस देणार आणि पोरीचं नुकसान करणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गुरुवारी दातारसाहेब डाव्या सीटवर, मृदुला उजव्या. मी मागे प्रवाशांत, असोसिएशनचा साक्षीदार म्हणून, युनिफॉर्ममध्येच. पायलट असा प्रवासी बनून गेला की त्याला डेडहेड म्हणतात. आमच्या धंद्यात असली नावं कोण शोधून काढतं, देव जाणे.

लॉजवर पोचलो आणि मला शंका आली की आपण चुकून दुसरीकडे आलो. अण्णांना चोप्रांचा फोन गेला होता, बडे साहब येतायत, एकदम शांती पाहिजे. अण्णांनी ते मनावर घेतलं होतं. गेटच्या कडीला तेल. स्वयंपाकघरात कुकर बंद, का तर शिट्टी होईल. अंगणातलं कुत्रं शेतावर धाडलेलं. वेटर अनवाणी. दारात अण्णा हसतमुख उभे. दातारसाहेब उतरल्याबरोबर अण्णांनी त्यांना फेटा बांधला, चादर दिली, नारळ दिला आणि कुजबुजत्या आवाजात दोन शब्द बोलले. वेटरांनी टाळ्याही वाजवल्या, पण हात एकमेकांना न लावता. असा सत्कार मी सोलापुरात जन्मात पाहिला नव्हता.

"फारच छान जागा आहे," दातारसाहेब माझ्याकडे बघत म्हणाले.

आम्ही आपापल्या खोल्यांत गेलो. माझी खोली समोरच, म्हणून मी दार किलकिलं ठेवलं. साहेबांनी फेटा उतरवला असेल, कपडे बदलले असतील, एवढ्या वेळानं अण्णा पावलं न वाजवता जिन्यानं वर आले आणि साहेबांच्या दारावर अगदी हलक्या हातानं टकटक केली.

दार उघडलं.

"काय अण्णा?"

"काय न्हाय साहेब. झोप लागली का इचारायला आलो."

"लागेल आता."

"झोपा, झोपा. निवांत झोपा. कायबी आवाज न्हाय हितं."

मला गंमत वाटली, पण आशा वाटली नाही. एकदा विचारणारच माणूस. मी दार लावलं. इमारत इतकी गप्प होती की मला माझाच श्वास ऐकू येत होता. बिचाऱ्या मृदुलाचं काय होणार, याची काळजी करत मी आडवा झालो आणि काळजी करता करता मला जी झोप लागली ती थेट संध्याकाळी अलार्म वाजेपर्यंत. त्या लॉजवर मी पहिल्यांदाच झोपलो. जागा झालो तो वाईट वाटूनच. मला झोप लागली म्हणजे साहेबांनाही लागली असणार.

खाली आलो. मृदुला लॉबीत चहा घेत होती, चेहरा टवटवीत. "सर, मी इतकी झोपले," ती हळूच म्हणाली, "आता काही खरं नाही आपलं."

आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत दातारसाहेब. डोळे लाल. केस उभे. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. शेजारी अण्णा, चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केल्याचं समाधान.

"साहेब, झोप झाली का?" मी विचारलं.

दातारसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे गेलो.

"हा प्रश्न," ते म्हणाले, "आज मला पुन्हा विचारू नका."

हळूहळू कळलं ते असं. मी झोपल्यावर अण्णा परत आले. चहा घेऊन. झोप लागण्यापूर्वी चहा बरा असतो म्हणून. मग पंखा कुरकुरतोय का ते विचारायला. मग दुसरी उशी घेऊन. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन, कारण उपाशीपोटी झोप येत नाही. दातारसाहेब सभ्य माणूस. फेटा बांधणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं? शेवटी त्यांनी दाराला "डू नॉट डिस्टर्ब"ची पाटी लावली. थोड्याच वेळात टकटक.

"साहेब, ही पाटी कुणी लावली? काढून टाकू का?"

"मीच लावली, अण्णा."

"मग ऱ्हाऊ द्या. मी हितंच बसतो दाराला. कुणाला येऊ देत न्हाय."

आणि अण्णा दाराबाहेर स्टूल टाकून बसले. वर कुणी आलं की त्याला मोठ्या तळमळीनं सांगायचे, बोलू नका, आत साहेब झोपलेत. ते सांगणं दारातून नीट ऐकू यायचं. सगळं लक्ष साहेबांच्या दाराकडे असल्यामुळे आम्ही दोघं मात्र वाचलो.

तरीही दातारसाहेब सहज हरणारे नव्हते. पायलटचा अहंकार मला माहीत आहे, माझ्याकडेही एक आहे. ते उठून उभे राहिले.

"हा पाहुणचार झाला, माने. तो समजावून सांगता येईल. आवाज मात्र कसलाही नव्हता, हे मी लिहिणार." मग अण्णांकडे वळून, "तुमचं खालचं ऑफिस आज बंद होतं का?"

"कसलं ऑफिस, साहेब?"

"तुमचं. तुम्ही आमच्या चोप्रांना सांगितलंत ना, दिवसा खाली ऑफिसचं काम चालतं म्हणून?"

"न्हाय बा. ऑफिस कुटलं आमाला?" अण्णा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "हां, ते व्हय. त्येनी हिंदीत इचारलं की, दिन में नीचे क्या होता है. मी सांगितलं, कुछ नहीं साहब, नीचे सिर्फ कार्य होता है."

मृदुलाला चहाचा ठसका लागला.

"कार्य," दातारसाहेब म्हणाले.

"व्हय. लग्नकार्य, मुंज, बारसं. मुहूर्त असला की रोजच कार्य. आता न्हाईत म्हणून गप हाय. ते चोप्रासाहेब लई खूश झाले. म्हणले, कार्य होता है, बहुत अच्छा."

आता हे वाचणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे "घरात कार्य आहे" म्हटलं की माणूस आहेर काय द्यायचा याचा विचार करतो. दिल्लीचा माणूस मात्र समजतो की फायली चालल्यात. चोप्रा खोटं बोलले नव्हते. अण्णाही नाही. मीच एकटा महिनोन्महिने चोप्रांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्या फुकट गेल्या.

"बघायचाय का हॉल?" अण्णांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार उघडलं. आत स्टेज, दोन सिंहासनं आणि भिंतीला लावून माणसाच्या उंचीचे स्पीकर. "नवीन घेतलेत साहेब. ऐका." अण्णांनी बटण दाबलं. सनईचा पहिला सूर निघाला आणि लॉबीतल्या चहाच्या कपांनी बशीत टाळ धरला. दातारसाहेबांनी कानांवर हात ठेवले. अण्णांनी ती दाद समजून आवाज आणखी वाढवला.

आम्ही गाडीनं एअरपोर्टकडे निघालो. होटगी रोडभर साहेब खिडकीला डोकं टेकून बसले होते, पण झोपले नाहीत. झोपणं म्हणजे कबूल करणं झालं असतं. मला खरी धाकधूक होती ती पुढचीच. जागा वाईट आहे हे त्यांना कळलं होतं. पण मृदुला त्या दिवशी नाही म्हणाली ते बरोबर की चूक, हा प्रश्न अजून तिथेच होता. तसल्याच दुपारनंतर साहेबांनी विमान उडवून दाखवलं, तर ते म्हणायला मोकळे होते, मला जमलं, तुला का नाही?

एअरपोर्टवर ब्रीफिंग सुरू झालं. हवामान, वजन, इंधन. मृदुला नेहमीसारखी शांतपणे एकेक सांगत होती. शेवटी तिनं तो प्रश्न विचारला. टोमणा मारून नाही, जोर देऊन नाही. रोज विचारते तसा.

"सर, फिट?"

दातारसाहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातात पेन होतं. समोर सही करायची जागा होती. बाहेर प्रवासी रांगेत उभे राहिले होते. कंपनीचा मोठा साहेब स्वतः विमान रद्द करायला निघाला, हे फोनवर कसं सांगायचं, याचाच विचार त्यांच्या डोक्यात चालला असणार. तीस वर्षांत असे किती कॅप्टन मी पाहिले, की ज्यांनी अशा वेळी "फिट" म्हणून सही केली. बहुतेक वेळा काही होतही नाही. म्हणूनच तर करतात.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "मी फिट नाही."

मग माझ्याकडे न बघता, "माने, तुम्ही?"

"मी दुपारभर घोरलोय, साहेब. हवं तर अण्णांना विचारा."

डेडहेडची ड्यूटीही मोजतात, पण माझे तास नियमात बसत होते. मी डाव्या सीटवर बसलो. विमान वेळेवर सुटलं. दातारसाहेब मागे पहिल्या रांगेत प्रवासी. आमची केबिन क्रू नंतर सांगत होती, पट्टा लावल्याबरोबर त्यांची मान कलली, आणि मुंबईत सगळे उतरून गेल्यावर तिनं त्यांना उठवलं. मुंबईला विमान मृदुलानं उतरवलं. चाकं टेकलेली मला कळलीसुद्धा नाहीत.

चौकशी त्याच आठवड्यात बंद झाली. खुलाशाचं पत्र मागे घेतलं. अपग्रेडवर सही झाली. आणि जी मागणी मी वर्षभर लावून धरली होती, थांबलेला वेळ मोजा, ती दातारसाहेबांनीच पुढच्या मीटिंगला मांडली. पूर्ण नाही, पण अर्धा वेळ उडण्याच्या तासांसारखा धरायचं ठरलं. चोप्रा म्हणाले, लेकिन ओनर ने तो कहा था. दातारसाहेब म्हणाले, चोप्रा, आप एक बार वहाँ सोके आइए. चोप्रांनी विषय बदलला.

अण्णांना मात्र लागलं. मी भेटायला गेलो तर चेहरा पडलेला.

"लॉज बदलणार म्हणं, साहेब. आमी काय कमी केलं?"

"काहीच कमी नाही केलंत, अण्णा. तीच अडचण झाली."

त्यांचा एक बंगला अक्कलकोट रोडला होता, रिकामा, हॉलपासून लांब. मी शब्द टाकला आणि कंपनीनं पायलटांसाठी तोच घेतला. अण्णांचं गिऱ्हाईक टिकलं, आम्हाला झोप मिळाली. करारात दातारसाहेबांनी स्वतः एक कलम घातलं. इंग्रजीत आहे. त्याचा मराठीत अर्थ असा, की पायलट झोपला आहे का, याची चौकशी मालकानं पायलटकडे करू नये. मी ते अण्णांना वाचून दाखवलं.

"मग कळायचं कसं," अण्णा म्हणाले, "साहेब झोपलेत का न्हाय?"

"नाही कळायचं."

अण्णांना ते आजवर पटलेलं नाही, पण सही केली त्यांनी.

मी रिटायर झालो. नंतर एकदा प्रकाशच्या मुलीच्या साखरपुड्याला सोलापूरला निघालो होतो. सीटवर बसलो आणि स्पीकरमधून आवाज आला, "नमस्कार, मी कॅप्टन मृदुला परब." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, भीती वाटते का विमानाची? मी हो म्हणालो, कुठे सगळं सांगत बसायचं.

आता असोसिएशनमधली नवी पोरं कधीकधी फोन करतात. पगाराचं, रजेचं, झोपेचं काहीतरी अडलेलं असतं. सर, मागणी कशी मांडायची, मुद्दे कसे लिहायचे, असं विचारतात. मी म्हणतो, लिहा, सवय म्हणून लिहा. पण ज्याची सही पाहिजे त्याला आधी तिथे एक दुपार झोपायला न्या. आणि त्याच संध्याकाळी त्याच्यापुढे सहीचा कागद ठेवून, साध्या आवाजात, एवढंच विचारा की साहेब, फिट का?